तीन वाजताचा वर्ग

रत्नप्रभा राऊळला राग आला की तिची भाषा थेट कणकवलीला जाऊन पोचायची. एरवी ती घाटकोपरच्या असल्फ्याच्या डोंगरावर उभा जन्म काढलेल्या बाईसारखी झपझप, कामापुरतं बोलायची. पण डोकं तापलं की 'मेल्या', 'गो', 'खंय' असं सगळं बाहेर पडायचं आणि पिंपळेश्वर चाळीतली माणसं आपापली दारं लोटून घ्यायची. दोन हजार वीसच्या मे महिन्यात मात्र कुणी दार लोटलं नाही. दारं आधीच बंद होती.

त्या दिवशी चाळ कमिटी धान्य वाटत होती. तोंडाला ओढणी बांधून रत्नप्रभा रांगेत उभी राहिली. तिच्या पिशवीत तांदूळ पडले, डाळ पडली, वर हळदीची एक पुडी पडली. घरी येऊन तिने पुडी सोडली आणि कागद उलगडला. वहीचा आखीव कागद होता. त्यावर जाड, गोल अक्षरात लिहिलेलं होतं, 'माझी आई शेतात जात असे. ती मला शाळेत सोडत नसे.' खाली लाल पेनने रत्नप्रभाने स्वतः मारलेली बरोबरची खूण होती.

निबंध जानकी घाडीचा होता. बेचाळीस वर्षांच्या जानकीने आयुष्यात लिहिलेला पहिला निबंध.

रत्नप्रभा तशीच उठली. तिचा नवरा चंद्रप्रकाश, गोरेगावच्या स्टुडिओत सेट उभारणारा सुतार, शूटिंग बंद पडल्यापासून घरीच होता. तो म्हणाला, "अगं, मास्क तरी लाव." तोपर्यंत ती चार पायऱ्या उतरलीही होती.

दहा वर्षांपूर्वी तिनेच 'दुपार महिला शिक्षण मंडळ' काढलं होतं. चाळीच्या गणपतीची खोली वर्षातले साडेअकरा महिने रिकामी असायची. तीच तिने दुपारी तीन ते पाच मागून घेतली होती. धुणीभांडी करणाऱ्या, इस्पितळात झाडू मारणाऱ्या, पापड लाटणाऱ्या बायका तिथे येत. कुणी अक्षर ओळखायला शिकत होती, कुणी सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसत होती. रत्नप्रभाचं स्वतःचं शिक्षण आठवीत सुटलं होतं. ब्याऐंशीच्या संपात वडिलांची गिरणी बंद पडली तेव्हा घरात दोन मुलं शाळेत जात होती. कुणाचं नाव काढायचं यावर पाच मिनिटंसुद्धा चर्चा झाली नाही. भाऊ शिकला. ती चाळिसाव्या वर्षी रात्रशाळेतून दहावी झाली. निकाल हातात घेतला तेव्हा लोकांना वाटलं ती आनंदाने रडतेय. ती चिडून रडत होती.

खोलीच्या दारात कमिटीचे अध्यक्ष भाऊराव खुर्ची टाकून बसले होते. आत धान्याची पोती छताला लागली होती. बायकांचं लोखंडी कपाट उघडं होतं आणि दोन फाडलेल्या वह्या जमिनीवर पडल्या होत्या.

"भाऊराव, ह्या वह्या कुणाच्या?"

"राऊळबाई, लांब उभ्या राहा. अहो, पुड्या बांधायला कागद नव्हता. दुकानं बंद आहेत."

"म्हणून बायकांच्या वह्या फाडल्या?"

"जुन्याच होत्या ना? आणि आता कसली शाळा? माणसं मरतायत इथे. पोरांच्या शाळा बंद आहेत, तिथे तुमच्या बायकांचं काय अडलंय?"

"गणपतीची आरतीची पुस्तकं होती ना वरच्या फळीवर? ती का नाही फाडली?"

भाऊरावांनी वरच्या फळीकडे पाहिलं. मग म्हणाले, "काहीतरीच काय बोलता!"

"काहीतरी? मेल्या, तुझा काय गेला?" रत्नप्रभाचा आवाज वरच्या चाळीपर्यंत गेला. "एका बाईक आईवर चार ओळी लिवूक दोन वर्षां लागली. दोन वर्षां! तेच्यात तू हळद बांधलंस!"

भाऊराव चाळीत सगळ्यांना वडीलधारे. त्यांना एकेरी कुणी बोलत नसे. ते उठले, खोलीला कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकून निघून गेले. तेव्हापासून खोली बायकांना बंद झाली.

पुस्तकं देणाऱ्या संस्थेतली मानसी नावाची मुलगी दोन दिवसांनी फोनवर म्हणाली, "ताई, टेन्शन नका घेऊ. आपण ऑनलाइन करू ना. मी लिंक पाठवते, तुम्ही फक्त ग्रुपवर टाका."

"कुठल्या ग्रुपवर?"

"बायकांच्या."

"बाय माझी, बावीस बायका आहेत. आठ जणींकडे स्वतःचा फोन आहे आणि त्यातले सहा बटणांचे. बाकीच्यांकडे नवऱ्याचा नाहीतर मुलाचा. तुझी लिंक काय त्या भाकरीबरोबर खातील?"

मानसी ओशाळली. ती वाईट नव्हती, फक्त अंधेरीच्या तिच्या घरात चार माणसांना पाच फोन होते. रत्नप्रभाने फोन ठेवला आणि त्याच रागात बावीस जणींच्या घरी एकेक करून फोन लावले. नवरे उचलायचे. "काय काम आहे?" विचारायचे. ती सांगायची, "तीन वाजता बायकोला द्या, अर्धा तास." कुणी हो म्हणायचा, कुणी हसायचा, एकाने तर सरळ सांगितलं, "ती फोनवर शिकणार, मग चहा कोण करणार?"

"हात तुटले काय तुझे?" रत्नप्रभा म्हणाली. त्याने फोन कापला. तिने पुन्हा लावला. चौथ्या वेळेला त्याने बायकोला दिला.

तिच्या फोनवर एका वेळी पाच जणी जोडल्या जात. म्हणून तिने पाच-पाचच्या तुकड्या पाडल्या. पहिली तीनला, शेवटची साडेचारला. उरलेल्या दोघी शेजारणीच्या फोनला कान लावून बसायच्या. त्यातली एक श्वेता. तिने स्वतःच्या कमाईतून घेतलेला फोन तिसरीतल्या मुलाच्या ऑनलाइन शाळेत अडकला होता. शाळा सुटली की नवरा तो घेऊन पत्ते खेळायचा. श्वेता जानकीच्या घरात, उंबऱ्याशी, फोनपासून दोन हातांवर बसायची आणि जे ऐकू येईल ते लिहायची.

फळ्याशिवाय शिकवणं हा छळ होता. 'क्ष' म्हटलं की तिकडून कुकरची शिट्टी. समीकरण सांगावं तर कुणाच्या तरी सासूचा खोकला. पहिल्या आठवड्यात रत्नप्रभाने तीनदा फोन आपटला. भूमितीचा दिवस आला तेव्हा तिने सांगितलं, "हातातली बांगडी काढा. कागदावर ठेवा. भोवतीनं पेन्सिल फिरवा. झालं वर्तुळ? आता ते कापून घ्या. दोनदा घडी घाला, चार पदरी. उलगडा. घड्या जिथे एकमेकींना भेटतात तो मध्य."

"ताई, माझी बांगडी निघत नाय," एकीने सांगितलं.

"मग वाटी घे! बांगडी नाही म्हणून गणित अडत नाही."

तिकडे पाच जणी हसल्या. चंद्रप्रकाश कांदा चिरत होता, तोही हसला. रत्नप्रभा हसली नाही. तिच्या डोक्यात ती कुलूप लावलेली खोली होती. दारामागे फळा होता, खडू होता, आणि एक मोठा लाकडी कंपासही होता, चंद्रप्रकाशनेच करून दिलेला.

जुलैत एका दुपारी जानकीने धडा मध्येच तोडला. ती एका मोठ्या इस्पितळात ठेकेदाराकडून सफाईला होती. मार्चपासून कोविडच्या वॉर्डात झाडू-फडकं तिच्याच हातात होतं. म्हणाली, "ताई, आज ते पुस्तक ऱ्हाऊ द्या. मुकादमानं कागद दिलाय. उद्या सही करून आण म्हणाला. मी वाचतेय, पण अर्धं कळत नाय."

"वाच. मोठ्यानं. सगळ्याच लिहून घ्या."

जानकी एकेक शब्दावर बोट ठेवल्यासारखी वाचू लागली. "मी... खाली सही करणार... असे लिहून देते की... मला हातमोजे, मास्क व इतर सर्व... सं... संरक्षक साहित्य वेळोवेळी मिळाले आहे."

"मिळालं?"

"एक मास्क मिळाला. एप्रिलमध्ये. तोच धुते."

"पुढे."

"मला... किंवा माझ्या कुटु...कुटुंबीयांना... आजार झाल्यास... त्याची जबाबदारी सर्वस्वी माझी राहील. मी हे... स्वखुशीने..." जानकी थांबली. "ताई, स्वखुशीने म्हंजे?"

उंबऱ्यावरून श्वेताचा बारीक आवाज आला, "म्हंजे आपल्या मर्जीनं."

"कुणाच्या मर्जीनं?" जानकीने विचारलं. "मला कुणी इचारलं?"

रत्नप्रभाला खूप बोलायचं होतं, पण तिने स्वतःला आवरलं आणि जानकीकडून तो कागद पुन्हा पहिल्यापासून वाचून घेतला. मग दुसऱ्या तुकडीला तोच कागद, तिसरीला तोच. बावीस जणींनी तो उतरवून घेतला. त्यातल्या तिघींच्या घरी तसाच कागद आला होता आणि एकीने गेल्या आठवड्यात त्यावर अंगठा देऊनही टाकला होता. ती फोनवर रडायला लागली.

"रडू नको," रत्नप्रभा ओरडली. "रडू नको गो! अक्षर येता तुका. अंगठो कित्याक दिलंस?"

"मुकादम म्हणाला, पेन नाय. शाई हाय, लाव अंगठा."

दुसऱ्या दिवशी जानकीने सही केली नाही. रत्नप्रभाने सांगितल्याप्रमाणे तिने कागदाच्या मागच्या कोऱ्या बाजूला स्वतःच्या अक्षरात लिहिलं, 'मला एकच मास्क मिळाला. हातमोजे मिळाले नाहीत. म्हणून मी सही करत नाही. जानकी दत्ताराम घाडी.' आणि तो कागद मुकादमाच्या हातात दिला. तो आधी हसला. म्हणाला, "कुणी लिहून दिलं?"

"मीच लिवलं. इथं पुन्हा लिवून दाखवू?"

दुपारी तिला सांगितलं, उद्यापासून येऊ नको.

ती बातमी आली तेव्हा चंद्रप्रकाश म्हणाला, "रत्ना, तुझ्या शिकवण्यापायी तिची नोकरी गेली." तो सहज बोलला, पण रत्नप्रभाला ते जिव्हारी लागलं. ती त्याच्याशी तीन दिवस बोलली नाही. पण त्या तीन दिवसांत स्वतःशीही तिने धड बोलून पाहिलं नाही. जानकीचा नवरा दत्ताराम रिक्षा चालवायचा आणि रिक्षा उभी होती. हे आपल्याला आधी दिसलं नाही का? दिसलं होतं. तरी आपण लिही म्हणालो.

चौथ्या दिवशी जानकीचाच फोन आला. आवाज चिडका होता. "ताई, वर्ग का नाय घेतला तीन दिस? माझं काम गेलं तर गेलं, अभ्यास पण घालवू काय?"

मग वर्गाचं रूपच बदललं. पाठ्यपुस्तक अर्धा वेळ, आणि अर्धा वेळ घरात येणारे कागद. इस्पितळाची बिलं, विलगीकरणाच्या नोटिसा, कामावरून काढल्याची चिठ्ठी, मृत्यूचा दाखला. एका बाईच्या सासऱ्याच्या दाखल्यावर वय चुकीचं होतं, ते तिने स्वतः अर्ज लिहून दुरुस्त करून घेतलं. जानकीसारखाच आपापला कागद वर्गातल्या आणि वर्गाबाहेरच्या मिळून नऊ सफाईवाल्या बायकांनी सही न करता परत केला आणि त्यांचीही कामं गेली. वॉर्ड झाडायला माणूस मिळेना, तेव्हा ठेकेदाराने सप्टेंबरात सगळ्यांना परत बोलावलं. हातमोजे आले. तो कागद मात्र पुन्हा कुणाच्या हाती आला नाही. माफी कुणी मागितली नाही.

पुढच्या वर्षी सव्वीस जानेवारीला चाळीत झेंडावंदन झालं. भाऊरावांनी 'कोरोना योद्ध्यांचा' सत्कार ठेवला होता. यादीत दोन डॉक्टर, एक पोलीस हवालदार आणि शेवटी, लोकांचे कागद वाचून दिल्याबद्दल, रत्नप्रभा राऊळ. तिचं नाव पुकारलं. शाल अंगावर पडायच्या आत तिने ती हाताने अडवली.

"भाऊराव, खोलीची किल्ली."

"राऊळबाई, आज नको. आज चांगला दिवस आहे."

"चांगला आहे म्हणूनच. धान्य ऑगस्टात संपलं. आतमध्ये आता तुमच्या मांडवाचे बांबू आहेत. बांबूंना शाळा लागत नाही."

लोक खाली बघू लागले. भाऊराव हळू आवाजात म्हणाले, "असा राग बरा नव्हे. माणसं तुमचा मान करतायत."

"मान नको माका. ह्या जानकीचा मान करा. वॉर्ड हिनं पुसला. यादीत हिचं नाव खंय आसा?"

तिने शाल घडी घालून खुर्चीवर ठेवली, खोलीच्या पायरीवर जाऊन बसली आणि पिशवीतून पुस्तक काढलं. जानकी तिच्या शेजारी बसली. मग एकेक करत अकरा जणी आल्या. झेंड्याखाली लाऊडस्पीकरवर गाणी चालू असतानाच तिथे नागरिकशास्त्राचा धडा सुरू झाला. दुसऱ्या दिवशीही त्या तिथेच बसल्या. तिसऱ्या दिवशी भाऊरावांच्या सुनेने, दीप्तीने, स्वतः येऊन किल्ली दिली. सासऱ्यांना विचारलं होतं का, हे रत्नप्रभाने विचारलं नाही आणि दीप्तीने सांगितलं नाही. बांबू अजून आतच होते. त्यांना टेकून बायका बसल्या.

श्वेता त्या अकरांत नव्हती. ऑगस्टातच तिचा नवरा तिला घेऊन गावाला गेला होता. जानकीच्या उंबऱ्यावर तिची वही राहिली होती. रत्नप्रभाने नवऱ्याच्या नंबरवर कितीदा फोन केला, तो उचलायचा आणि म्हणायचा, "ती शेतावर गेलीय." नंतर नंबर लागेनासा झाला.

जानकी दोन हजार बावीसला दहावीला बसली आणि गणितात नापास झाली. पुरवणी परीक्षेला ती नको म्हणत होती. "ताई, आता पुरे. वॉर्डातून आल्यावर हात उचलत नायत." रत्नप्रभाने तिला असं काही झापलं की वर्गातल्या नव्या बायका घाबरून वह्या आवरायला लागल्या. जानकीनेही तिला तितकंच सुनावलं. "तुमचा राग तुमच्याकडं ठेवा. मी काय तुमचा भाऊ न्हाय, ज्याच्या जागी तुम्हाला बसायचं होतं!"

रत्नप्रभाने फळ्याकडे तोंड केलं आणि अर्धं राहिलेलं गणित पुसून टाकलं. मग वळली आणि म्हणाली, "बरं. बस तुला हवं तर. नको तर नको."

जानकी परीक्षेला बसली. पस्तीस गुणांनी सुटली. निकालाच्या दिवशी तिने पेढे आणले नाहीत, सुक्या बोंबलांची चटणी आणि भाकऱ्या आणल्या, आणि सगळ्या खोलीत वास सुटला. गणपतीच्या खोलीत मासे आणल्याबद्दल भाऊराव तक्रार घेऊन वर आले. दारातच रत्नप्रभा उभी होती. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं आणि ते आल्या पावली उतरून गेले.