कामठीत वाटलेले पंचवीस रिप्रिंट

आमच्या घराण्यात छापील अक्षरात नाव येण्याचे तोवर दोनच मार्ग होते: लग्नपत्रिका आणि मतदारयादी. तिसरा मी काढला. सक्करदऱ्याच्या तलावातल्या शेवाळावर माझा पेपर छापून आला आणि त्यात पहिलं नाव माझं, दुसरं माझ्या मार्गदर्शक सरांचं. हे मी आजही जरा मोठ्यानंच सांगते. बाबा कामठीला मागावर बसत, मायनं शाळेचं तोंड पाहिलं नव्हतं, आणि मी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातून बाटल्या घेऊन तलावात गुडघाभर उतरत होते. मोठ्यानं सांगू नको तर काय करू?

तेव्हा पेपर छापला की मासिकवाले त्याची तेवढीच पानं वेगळी टाचून पंचवीस प्रती लेखकाला पाठवीत. त्यांना रिप्रिंट म्हणत. जगात कुठं कुणाला तुमचं काम हवं असलं की तो छापील कार्ड टाकी आणि तुम्ही त्याला एक रिप्रिंट धाडायचा. विद्यापीठाचं नाव असं एकेका पाकिटातून बाहेर जायचं. आमच्या विभागाच्या दाराशी एक फळा होता. कुणाला किती कार्डं आली, ती त्याच्या नावाखाली टाचून ठेवत. खालच्या मजल्यावरच्या प्राणिशास्त्रवाल्यांचा फळा भरून कार्डं भिंतीवर आली होती. आमच्या सरांच्या नावाखाली नुसत्या टाचण्या होत्या, रांगेत, गंजलेल्या.

सरांनी पंचवीसच्या पंचवीस प्रती माझ्या हातात ठेवल्या. म्हणाले, "पहिला पेपर आहे तुझा. जपून ठेव. कार्ड आलं की लागतील."

मी जपूनच ठेवल्या. घरी, ट्रंकेत, कपड्यांच्या खाली. दुसऱ्या दिवशी मी तलावावर गेले आणि बाबांनी ट्रंक उघडली.

संध्याकाळी बसमधून उतरते तर गल्लीतली काकू पदर सावरत समोर.

"काहून वं पोरी, एवढं सारं ठरलं अन् आम्हाले आज कळते?"

"काय ठरलं, काकू?"

"आता लाजून राहिली! नवऱ्याचं नाव तं छापलं आहे तुह्या नावाच्या बाजूले. माह्या पोट्ट्यानं वाचून दाखवलं. पन तारीख काही सापडून नाही राहिली त्याले. अन् आतमंदी हे मन्यांच्या माळीचे फोटू कायचे? दागिने लिहून देतेत का आता पत्रिकेत?"

त्या माळा म्हणजे माझं शेवाळ. सूक्ष्मदर्शकाखाली ते मण्यामण्यांचंच दिसतं. चार महिने डोळे फोडून मी त्या आकृत्या काढल्या होत्या. आणि सरांना दोन नातवंडं होती.

घरी बाबा रिकाम्या पेढ्यांच्या खोक्याशेजारी बसले होते. चेहरा असा की पोरगी कलेक्टर झाली. प्रत्येक रिप्रिंटच्या कोपऱ्याला हळदीकुंकवाचं बोट लावून, वर पेढा ठेवून, त्यांनी गल्लीत घरोघर वाटले होते.

"हळद काहून लावली, बाबा?"

"शुभ काम हाय. कोरं कसं द्याचं लोकाइले?"



महिनाभरानं कार्ड आलं. हंगेरीहून. सर कार्ड हातात घेऊन व्हरांड्यातून चक्क पळत आले. सरांना पळताना विभागानं पहिल्यांदाच पाहिलं. ज्याचा शेवाळांवरचा जाडजूड ग्रंथ सरांच्या टेबलावर वर्षानुवर्षं उघडा असायचा, पानं सुटली म्हणून मागावरच्या सुतानं मीच एकदा शिवून दिलेला, त्या माणसाचं ते कार्ड होतं. खाली हातानं लिहिलं होतं: ग्रंथाची नवी आवृत्ती लवकरच छपाईला जाते आहे, आकृत्यांसह प्रत वेळेत मिळाली तर तुमच्या शेवाळाचा समावेश करता येईल.

सक्करदऱ्याचा तलाव त्या ग्रंथात!

"दे एक प्रत. आजच रजिस्टरनं टाकतो."

"सर, त्या वाटल्या."

"किती?"

"पंचवीस."

"कुणाला?"

"कामठीत."

सरांनी चष्मा काढला. "कामठीत शेवाळावर काम करणारे पंचवीस लोक आहेत?"

"नाही सर. पेढे खाणारे आहेत."

हसावं की ओरडावं हे त्यांचं ठरेना. नुसता मजकूर टाइप करून भागत नव्हतं. आकृत्या हव्या होत्या, आणि त्यांची फोटोप्रत काढली तर मण्यांच्या जागी काजळ उमटे. लायब्ररीतल्या अंकाची पानं कापायची तर आधी ग्रंथपालांना कापावं लागलं असतं. सर एवढंच म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत एक प्रत आण. कसलीही. पण आकृत्या शाबूत."

तापातही माग न सोडणारे बाबा दुसऱ्या दिवशी पहाटेच माग बंद ठेवून निघाले. पुढं ते, मागं मी.

पहिली प्रत भूगोलाच्या पुस्तकाला कव्हर झाली होती. दुसरी न्हाव्याच्या दुकानात, साबणाच्या फेसानं फुगलेली. न्हावी म्हणाला, "लोकं लई पाह्यतेत बाई हे. नंबर येईपर्यंत कोनाची कुरबूर नाही." प्राणिशास्त्रवाल्यांचं एवढं वाचलं जात असेल का, असा विचार माझ्या मनात आलाच. तिसऱ्या घरी चित्रं कापून पोरीच्या वहीत चिकटवलेली. चौथ्या घरचे काका मागावर होते आणि माझ्या आकृत्यांवर त्यांनी तांबड्या पेन्सिलीनं उभ्याआडव्या चौकटी पाडल्या होत्या.

"काका, हे काय केलं?"

"किनार बसवून राहिलो. हे पाह्य!" मागावर लुगड्याच्या काठाला माझं शेवाळ उतरत होतं, मणी आणि मण्यांमधला तो एक मोठा मणीसुद्धा, अगदी बिनचूक. सरांनी तो मोठा मणी माझ्याकडून सहा वेळा काढून घेतला होता. काकांना पहिल्याच खेपेला जमला.

मी तिथं खाली बसून डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसले. बाबा घाबरले. "ऊठ वं, टाइम होऊन राहिला."

शेवटी शाबूत प्रत निघाली ती बाबांच्या बुढ्या आत्याकडं. काचेच्या चौकटीत, देवांच्या बाजूला, रोज उदबत्ती. आत्या उंबऱ्यात आडवी बसली.

"नाही देत. माह्या नातीचं नाव हाय त्याच्यावर."

"आत्या, तिचंच काम हाय ते," बाबा म्हणाले. "परदेशात पाठवाचं हाय."

"त्याइले वाचता येते का तिथं?"

"येते, आत्या," मी म्हटलं.

"मंग त्याइच्याजवळ पुस्तकं असतीन. माह्याजवळ हे एकच हाय. याच्या जागी काय लावू?"

मी धावत घरी गेले आणि पदवीदानाचा काळ्या झग्यातला माझा फोटो घेऊन आले. आत्यानं तो दूर धरला, जवळ धरला. "चालते. पन तू वकील काहून झाली वं?"

बारा वाजायच्या आत मी विभागात होते. सरांनी आकृत्या तपासल्या, मग कोपऱ्यातल्या पिवळ्या-तांबड्या बोटाकडं पाहिलं, उदबत्तीचा वास घेतला आणि पाकीट चिकटवलं. सीताबर्डीच्या पोस्टापर्यंत त्यांच्या सायकलच्या मागं मी विभागातल्या शिपायाची सायकल दामटत होते. पाकिटावर शिक्का पडला तेव्हा सरांनी खिडकीतल्या कारकुनाशी हस्तांदोलन केलं. तो बिचारा गोंधळला.

मग वाट पाहणं. उन्हाळा गेला, तलाव हिरवा झाला. आणि एक दिवस हंगेरीहून चक्क पत्र आलं. शेवाळ ग्रंथात घेतलं आहे, तलावाच्या नावासकट. खाली एक ओळ जास्तीची: पहिल्या पानावरचा पिवळा डाग आमच्या प्रयोगशाळेनं सूक्ष्मदर्शकाखाली तपासला, पिठूळ कणांवरून ते शेवाळ नसून हळद असावी असं आमचं मत आहे, कृपया कळवावे.

मी ते बाबांना वाचून दाखवलं. त्यांनी माग थांबवला.

"पाह्यलं? कोरं धाडलं असतं तं इतक्या जवळून पाह्यलं असतं का कोनी?"

सरांनी कार्ड आणि पत्र दोन्ही फळ्यावर लावलं, गंजलेल्या टाचण्या काढून नव्या आणून. पुढच्या पेपरच्या वेळी रिप्रिंटचं पुडकं आलं तेव्हा काकांच्या मागावरचं ते शेवाळकाठाचं लुगडं माझ्या अंगावर होतं. सरांनी दार लोटलं, टेबलाचा खण उघडला आणि कुंकवाची डबी बाहेर काढली.

"हळद तेवढी तू आण," ते म्हणाले. "कामठीची."