मी घरी न्हाई

शनिशिंगणापुरात आमच्या घरांना दारं नसतात, आणि माझा शेजारी माणसांना घाबरतो. बिचारा पडद्याआड बसून दिवसभर कॉम्प्युटरवर काम करतो. बाहेरून कुणी हाक मारली की स्वतःच ओरडतो, "मी घरी न्हाई!" लोकही "बरं, आला की सांग त्याला" म्हणून निघून जातात.

त्याला जपानी कार्टूनचा भारी नाद. परवा तो आत एकटाच खदखदा हसत होता. मी त्याच्या ओट्यावर टेकून विचारलं, "एवढं काय हसतोस रे?" मग पडद्याखालून मोबाईल धरलेला हात बाहेर आला. त्यात एक लाजरा पोरगा पाव मागायला दुकानात उभा होता. त्याला एवढा घाम फुटला, की घामाच्या पुरात दुकानदारच वाहून गेला. मी पोट धरून हसलो.

"हसा काका," आतून आवाज आला, "पण त्याला लई अवघड जातंय हो."

पुढचं आम्ही गुपचूप पाहिलं, मी बाहेरून, तो आतून पडद्याच्या फटीतून. शेवटी पोराला पाव मिळाला. आत टाळी वाजली आणि मोबाईल पडद्याखालून आत गेला.

"आता जावा काका. लई गप्पा झाल्या."

मी चपला घातल्या.

"उद्या हाक मारा," तो हळूच म्हणाला. "मी घरी आसंन."