सुलोचनाबाई आणि भारीवाली सुई

दवनीवाड्यात सुलोचनाबाईच्या हातची सुई टोचून घेतली नाही असा माणूस शोधून सापडायचा नाही. एकतीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स, आणि निवृत्त झाल्यावर घराच्या ओसरीवर स्टूल टाकून बसली. तोंड असं कडू, की कडुनिंब परवडला. नियम एकच: डॉक्टरची चिठ्ठी पहिल्या ओळीपासून वाचल्याशिवाय बाटलीला हात लावायचा नाही. समोरचा तापानं फणफणत असला तरी बाई आधी चष्मा पुसणार, चिठ्ठी वाचणार, मग म्हणणार, "हं, वळ."

तिचा नवरा तिला मूल नाही म्हणून दुसरी करून मोकळा झाला होता. दुसरीलाही झालं नाही. मग गडी तिसरी पाहायला निघाला, तो रस्त्यात मोटारसायकलवरून पडला आणि कायमचा घरी बसला. हे ती हसत हसत सांगायची, आणि ऐकणाऱ्याला हसावं की नाही ते कळायचं नाही.

मी केशोराव. बसस्टँडवर माझं मेडिकल आहे. औषध माझ्याकडचं आणि सुई तिची, त्यामुळे आमचं भांडण रोजचं.

गोष्ट २००६ च्या डिसेंबरातली. कुंदाबाई रहांगडाले म्हणजे गावातली मोठी शेतकरीण. आपले पूर्वज माळव्यातून आले हे ती वांग्याचा भाव विचारतानाही सांगायची. तिचा पोरगा भुवनेश्वर बत्तीस वर्षांचा, उंच, गोरा, पण मिशी काही ओठावर उगवायला तयार नव्हती. सून योगेश्वरी सालेकशाची. लग्नाला पाच वर्षं झाली आणि पाळणा हलला नाही. एक दिवस कुंदाबाईनं माझ्या दुकानात, चार गिऱ्हाइकांसमोर जाहीर केलं, "अक्तीपर्यंत वाट पायतो. नाही तं पोराले दुसरी पाहा लागन." अक्ती म्हणजे अक्षय तृतीया, लग्नाचा मोसम. योगेश्वरी तिच्या मागेच पिशवी धरून उभी होती. मी मान हलवली आणि कुंदाबाईच्या गुडघ्याचं मलम पुडीत बांधलं.

गोंदियाच्या डॉक्टरीणबाईंनी योगेश्वरीला इंजेक्शनं लिहून दिली. पोटात बीज नीट पिकावं म्हणून महिन्यातले दहा-बारा दिवस रोज एक. त्यात दोन प्रकार होते. एक पावडरीची बाटली, पाण्यात कालवून टोचायची, स्वस्तातली. दुसरी पेनासारखी, चौपट महाग, फ्रीजमध्ये ठेवायची. डॉक्टरीणबाईंनी साफ सांगितलं होतं की दोन्हींचं काम सारखंच, परवडेल ते घ्या.

पण मी दुकानदार. महागात मला जास्त सुटतं, खोटं कशाला बोलू? कुंदाबाईला हळूच म्हणालो, "काकू, स्वस्तवाली कशापासून बनते माहीत आहे का? म्हाताऱ्या बायांच्या लघवीतून काढतात. साफ करूनच देतात म्हणा. महागडी मात्र कारखान्यात तयार होते."

झालं! कुंदाबाईनं पदर नाकाला लावला. "राम राम राम! आमच्या वंशाच्या पोटात कोणाची तं लघवी? भारीवालीच दे गा!"

ती तशीच तणतणत ओसरीवर गेली. मागून मीही गेलो, तमाशा चुकवणं माझ्या रक्तात नाही. सगळं ऐकून सुलोचनाबाई म्हणाली, "काऊन वो कुंदा, रोज सकाळी वाटीभर गोमूत्र पेतेस ना? गाईचं चालते, अन् बाईचं चालत नाही?"

कुंदाबाईनं नाकावरचा पदर काढून कमरेला खोचला. ती म्हणाली, "तू सुई टोच, अक्कल नोको टोचू."

बाईनं चष्मा पुसला. चिठ्ठीची पहिली ओळ मोठ्यानं वाचली, "नवऱ्याची तपासणी नॉर्मल, असे सासू सांगतात." तिनं कुंदाबाईकडे पाहिलं. "झाली ना वो तपासणी?"

"झाली म्हणतो ना!"

"तं बरं," बाई म्हणाली आणि दुसऱ्या दिवसापासून योगेश्वरीला टोचायला लागली.

पहिली खेप वाया गेली ती कुंदाबाईच्या हुशारीनं. औषध थंड ठेवायचं म्हटल्यावर तिनं ते फ्रीजच्या बर्फाच्या खणात कोंबलं. जितकं थंड तितका गुण! तेव्हा बारा-बारा तास लाईट नसायची. आली की औषधाचा दगड, गेली की पाणी. सुलोचनाबाईला कळलं तेव्हा तिनं कुंदाबाईच्या माळव्याच्या पूर्वजांपर्यंत सगळ्यांचा उद्धार केला. दुसऱ्या खेपेला औषध माझ्या दुकानच्या फ्रीजमध्ये राहिलं. सोनोग्राफीत दोन बीजं छान पिकलेली दिसली. तरी महिन्याच्या महिन्याला योगेश्वरी न्हाणीतून रडून बाहेर यायची. गावभर चर्चा, की भारीवालीलाही गुण नाही म्हणजे सुनेतच खोट. मीही त्या चर्चेत होतो, चहा पीत.

तिसऱ्या खेपेला योगेश्वरी ओसरीवर आली, हे मला बाईनंच मागून सांगितलं. पोटावर निळे डाग, आणि अक्तीला दीड महिना उरलेला. बाईनं सुई हातात घेतली आणि परत ठेवली.

"बीज तं पिकून राहिलं. मंग अडते कोठं? पोरी, नवऱ्याचा रिपोर्ट तुह्या डोऱ्यानं पायला काय?"

योगेश्वरीनं मान खाली घातली. "ते गेलेच नाही बाई. सासूमाय म्हणे, माह्या पोराले काय झालं तपासाले?"

सुलोचनाबाई उठली आणि योगेश्वरीला घेऊन थेट कुंदाबाईच्या अंगणात. बोंबाबोंब ऐकून मी दुकान उघडं टाकून धावलो. बाई कुंदाबाईवर ओरडत होती, "दोनदा तुह्या जिभेवर भरोसा ठेवून म्या या पोरीले टोचलं! चूक माही! आता भुवनेश्वरचा कागद आल्याबिगर या पोटाले सुई लागनार नाही. अन् कागद नाही आला तं मी गोंदियाले जाऊन डॉक्टरीणबाईले सांगतो, तू काय खोटं बोललीस ते!"

भुवनेश्वर घरातच होता. आईच्या मागे उभा राहून म्हणाला, "जातो ना मी, ओरडता कायले?" पाच वर्षांत हे त्याला कोणी विचारलंच नव्हतं.

कागद आला. नंतर नागपूरच्या डॉक्टरचाही आला. खोट भुवनेश्वरमध्ये. मेंदूतून जे हार्मोन सुटायला हवं तेच कमी, म्हणून वीर्यात बीज शून्य, आणि मिशीही त्यामुळेच रुसलेली. उपाय होता: दोन प्रकारची इंजेक्शनं, आठवड्यातून तीनदा, सहा महिने तरी, जास्तही लागतील. एक तीच पावडरीची बाटली, कारण इतके महिने भारीवाली कुंदाबाईलाही परवडणार नव्हती. दुसरी गरोदर बायांच्या लघवीतून काढलेली.

कुंदाबाई दुकानात आली, गिऱ्हाईक नाही पाहून. "केशोराव, हे तेच हाय काय?"

"तेच काकू. एक म्हाताऱ्यांचं, एक गरोदर बायांचं."

तिनं दाराबाहेर एकदा पाहून घेतलं. "दे. पन कोणाले सांगू नोको."

ओसरीवर भुवनेश्वर पालथा पडला, दात आवळून. सुलोचनाबाई बाटलीत पाणी कालवत होती. योगेश्वरी शेजारी उभी, यावेळी पिशवी सासूच्या हातात. कुंदाबाई सुनेला मऊ आवाजात म्हणाली, "धीर धर माय. औषध लागू होईन. टाईम तं लागतेच."

योगेश्वरी म्हणाली, "अक्तीपर्यंत वाट पायतो, सासूमाय. नाही तं मलेबी दुसरा पाहा लागन."

मला हसू फुटलं, खो खो करून हसलो. योगेश्वरीनं माझ्याकडे पाहिलं. डिसेंबरात हेच वाक्य माझ्या दुकानात ऐकलं होतं आणि तेव्हा मी मलम बांधत होतो. माझं हसू बंद झालं.

सुलोचनाबाईनं सुईतली हवा काढली आणि म्हणाली, "हालू नोको गा भुवनेश्वर."