कोपरीच्या जाळ्याचा मालक

बोरीबंदरला गाडीत बसलो तेव्हा माझ्या पिशवीत एक कोरा मुद्रांकाचा कागद होता. मी कापडगिरणीत कारकून. आमच्या शेठजींना ठाण्याच्या खाडीतली मासेमारी ताब्यात हवी होती. नवी जाळी ते देणार, कोळ्यांनी रोजावर राबायचं. "जाळ्याच्या मालकाचा अंगठा घेऊन या," ते म्हणाले, "नाहीतर तुमच्या जागेवर दुसरा बसेल." बारा वर्षांची नोकरी, कल्याणला बायको-मुलं. मुकाट निघालो.

आदल्या दिवशीच आमच्या गिरणीत मागावर काम करणारा गोविंद मला सांगत होता, की विलायतेत मजूर म्हणतात, गिरण्या सगळ्यांच्या समाईक करा. दिवे लागेपर्यंत राबून तो इतका वैतागला होता, की हे उद्याच होईल असं त्याला वाटत होतं. मी हसलो होतो. आपल्याकडे समाईक विहीरसुद्धा भांडणाशिवाय चालत नाही, असं त्याला सुनावलंही होतं.

ठाण्याला उतरून कोपरीला चालत गेलो. ओहोटी लागली होती. खाडीच्या फाट्यावर आडवं बांधलेलं जाळं उघडं पडत होतं आणि अख्खी वस्ती चिखलात उतरली होती. हिराजी नाखवा (होडीचा म्होरक्या) हाळ्या देत होता. त्याला विचारलं, "जाळ्याचे मालक तुम्हीच ना?"

"मी? नाय रं दादा. सूत जानकीबायनं कातलं. खुंटं तुक्यानं रोवली, तो तापानं परलाय घरी."

"मग मालक कोण?"

"ते मना काय ठावं? आदी दोर धर, पानी परत येल."

मी धोतर खोचलं आणि दोर धरला. तिसऱ्या हिसक्याला डावी वहाण चिखलात गेली, पाचव्याला मी स्वतः बसलो. बायका पोट धरून हसल्या. मला राग आला, पण दोर सोडवेना. सगळ्यांचा जोर एका वेळी लागला की ते अवजड जाळं कसं अलगद सरकतं, हे हाताला कळत होतं.

बोईट, कोलंबी, चिंबोऱ्या (खेकडे) काठावर आल्या. हिराजीनं वाटे लावले. ओढणाऱ्या प्रत्येकाचा एक, जाळ्याच्या डागडुजीचा एक, घरी पडलेल्या तुक्याचा एक, आणि एक चक्क माझा. वाटे लावील त्यानं आपला शेवटी उचलायचा, ही इथली रीत. म्हणून सगळे सारखेच पडतात. हे पाहून मला फार बरं वाटलं.

जानकीबाईंनी तांदळाची भाकरी आणि बोइटाचं कालवण वाढलं. जेवणानंतर मी शेठजींचं म्हणणं सगळ्यांसमोर मांडलं. जानकीबाईंनी एवढंच विचारलं, "अन् तुक्यासारका ताप आयला त?"

"त्या दिवसाचा रोज नाही मिळणार."

"मंग नको."

हिराजीनं सगळ्यांकडे पाहिलं. एकेकानं नकाराची मान हलवली. माझी नोकरी तिथंच गेली, आणि तरी मला त्या माणसांचा राग येईना. निघताना मी हिराजीला गोविंदबद्दल सांगितलं. तो म्हणाला, "निस्त्या रागानं जालं येत नाय दादा. सगल्यांनी एकदम वढायला लागतं."

भरतीबरोबर मिठाचा मचवा कल्याणला निघाला, त्यात जागा मिळाली. उजव्या हाताला डोंबिवलीची भातखाचरं मागे पडत होती. गोविंदचा राग खरा आहे, पण राग माणसाला फार तर दोरापर्यंत आणील. पुढचं ओढणं आणि वाटणं शिकावं लागतं. कोपरीची माणसं ते चालायला लागल्यापासून शिकतात.

घरी बायकोनं मासे पाहून विचारलं, "कोणी दिले?"

"माझा वाटा आहे. दोराला हात लावला म्हणून."

"एका दिवसात वाटा? आणि अहो, बारा वर्षं गिरणीत ओढताय तिथं?"



मुंबईला परतून मी कोरा कागद शेठजींपुढे ठेवला. "मालक सापडला नाही," म्हणालो. दुपारपर्यंत माझ्या जागेवर दुसरा बसला. बाहेर पडताना फाटकाशी गोविंद भेटला, त्याला सगळी हकीकत सांगितली.

"वाटे लावणारा शेवटी उचलतो?" त्यानं विचारलं. "आपल्यात असा कोण आहे?"

मी पुष्कळ आठवून पाहिलं. एकही नाव पुढे येईना.

मग तोच खाली बघत म्हणाला, "मी उचलीन शेवटी."