बेताने शिकवा

मुलीच्या शाळेतल्या बाईंनी अस्पृश्यतेचा धडा शिकवताना गावातला पाणवठा कुणाला बंद होता, तेही सांगितलं. त्यावरून पालकसभेत वाद पेटला. "मुलांच्या डोक्यात जात कशाला भरता?" काही म्हणाले. "सगळं सांगा," दुसरे म्हणाले. मी उठून म्हणालो, "शिकवा, पण बेताने." दोन्हीकडच्या माना लगेच डोलल्या. इतक्या लगेच, की मला माझ्याच शहाणपणाचा संशय आला.

मागून एक आई म्हणाल्या, "माझी आजी तिथे तासन् तास उभी राहायची, कुणीतरी पाणी ओतेल म्हणून. त्यातलं किती सांगायचं, दादा?"

मी खाली बसलो. सभा संपल्यावर त्यांना गाठून म्हणालो, "ताई, मला कुणाला दुखवायचं नव्हतं."

"कुणाला?" त्यांनी विचारलं.

डोळ्यांपुढे जे चेहरे आले, त्यांत त्यांचा नव्हता.