अक्कांच्या बैठकीत बदली माणूस चालत नाही

पूर्णा जंक्शनच्या शाळेतून बदली होऊन मी सोनपेठ तालुक्यातल्या या गावी मुख्याध्यापक म्हणून हजर झालो, त्याच सकाळी शाळेच्या फाटकात एका बाईंनी मला अडवलं. एका हातात नातीचं दप्तर, डोक्यावर पदर आणि चेहरा असा, की आधी मला वाटलं काहीतरी तक्रार असणार. "सर, मीटिंग कधी हाय?" मी विचारलं, कसली मीटिंग? "शाळेची. मी कमिटीत हाय की!" माझ्या साऱ्या नोकरीत लोकांनी मला शाळा कधी सुटते ते विचारलं, सुट्ट्या कधी लागतात ते विचारलं, शाळा व्यवस्थापन समितीची बैठक कधी, असं विचारणाऱ्या त्या पहिल्याच. त्या आमच्या कौसल्याबाई कदम. सारं गाव त्यांना अक्का म्हणतं. यंदा त्यांनी साठी पूर्ण केली आणि त्यानिमित्त चार शब्द लिहिण्याचं काम माझ्याकडे आलं, हा माझा मान समजतो.

समिती म्हणजे काय, हे आधी सांगायला हवं, कारण शाळा सरकार चालवतं आणि मास्तर हजेरी घेतात, संपलं, असंच पुष्कळांना वाटतं. तसं नाही हो! पालकसभेत पालकांनी आपल्यातूनच सदस्य निवडायचे, त्यांत निम्म्या बाया असायच्या. अध्यक्ष पालकांतलाच. मुख्याध्यापक नुसता सचिव. महिन्याला बैठक घ्यायची आणि खिचडी कशी शिजते, कुठल्या खोलीचं छत गळतं, कोणतं लेकरू शाळेत दिसेना, हे सगळं तिथं बोलायचं. आईबाप परगावी असतील आणि मूल आजीजवळ राहत असेल, तर आजी हीच पालक. अक्कांचे चिरंजीव भगवान आणि सूनबाई सुनिता ऊसतोडीला जात, नात वैशाली अक्कांजवळ राहून शिके. त्या नात्याने अक्का समितीत आल्या आणि पुढे पालकांनी त्यांना अध्यक्ष केलं.

त्यांच्या अध्यक्षपदाची पहिली बैठक मी विसरणं शक्य नाही. खुर्च्यांवर सगळे पुरुष. सदस्य बाया, पण त्यांच्या जागी त्यांचे नवरे. आमच्या भागातली ही जुनीच रीत. बाई निवडून येते आणि मालक बैठकीला बसतात, कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही. अक्कांनी एकेकाकडे बघितलं आणि अगदी शांतपणे विचारलं, "तुमी कुणाचे पालक? लेकराचे का बायकोचे?" एकजण हसत म्हणाला, "अक्का, ती भाकरी करायलीय. मी सांगतो की तिला घरी गेल्यावर." अक्का म्हणाल्या, "मग तुमी भाकऱ्या थापा अन् तिला लावून द्या. इथं काय झालं ते ती सांगंल तुमाला घरी." मंडळी तणतणत उठून गेली. आता बैठक होते की नाही याचीच मला शंका. अक्का मात्र चटईवर बसून राहिल्या. हळूहळू एकेक बाई पदराला हात पुसत आली. आल्या खऱ्या, पण त्या दिवशी कुणी तोंड उघडलं नाही. अक्का म्हणाल्या, असू द्या, आज बसल्यात, उद्या बोलतील.

पुढे अक्कांनी बैठकीची वेळच बदलून घेतली. दुपारची बैठक म्हणजे शेतात गेलेल्यांना चुकवायची बैठक, हे त्यांचं म्हणणं. मग ती शाळा भरायच्या आधी होऊ लागली. तारीख फळ्यावर लिहायची आणि देवळाच्या भोंग्यावरून पुकारायची, हेही त्यांनीच ठरवलं. सदस्य नसलेल्यांनाही त्या बोलवत. "मत देता येत न्हाई म्हणून काय झालं? इचारता येतंय की!" आमच्या शाळेच्या मुलींच्या संडासाला दार बसलं ते असं विचारूनच. दर बैठकीला कुणी ना कुणी उठून तेच विचारी. मला लय राग यायचा. शेवटी मीच कंटाळून तालुक्याला खेटे घातले आणि दार बसलं.

पण अक्कांची खरी परीक्षा निराळीच होती. दिवाळी जवळ आली की मुकादमांचे ट्रक गावात येतात आणि आईबापांबरोबर लेकरंही उसाच्या फडावर जातात. ती जाऊ नयेत म्हणून शाळेत हंगामी वसतिगृह चालवता येतं: मुलं गावातच आजी-आजोबांजवळ राहतात, दोन्ही वेळा शाळेत जेवतात. मात्र ते चालवायचं समितीने, आणि ट्रक यायच्या आधी आईबापांनी मूल मागे ठेवायला होकार द्यायला हवा. त्या वर्षी होकारच येईनात. आणि सगळ्यांत मोठा नकार अक्कांच्या घरातून होता. सुनिताला दुसरी मुलगी झाली होती, मुक्ता. ती दोन वर्षांची, नुकती घरभर पळू लागलेली. तिला सांभाळायला वैशालीला फडावर न्यायचं भगवानने ठरवलं होतं. वैशाली तेव्हा सहावीत होती आणि माझ्या वर्गात पहिल्या बाकावर बसे. एकदा गेलेली मुलगी पुन्हा बाकावर येतेच असं नाही, हे अक्कांना माहीत होतं आणि मलाही.

पालकसभा बोलावली. लोक कुजबुजू लागले: अध्यक्षबाईंची नातच चाललीय, अन् आमाला काय शिकवायल्यात! अक्कांनी ते ऐकलं. मला वाटलं आता भाषण होणार. त्या सुनेकडे वळल्या आणि म्हणाल्या, "सुनिता, तू पालक हाईस. तुझी काय अडचण हाय ते सगळ्यांसमोर बोल. मला भिऊ नको." सुनिताबाई उठल्या. सासूसमोर आवाज न काढणारी ती बाई बोलली, "अक्का, शाळा आमाला नको हाय का? पण मी ऊस तोडू का लेकरू बघू? तिथं बैलं असतेत, कोयते असतेत, गाड्या मागं-पुढं व्हतेत. वैशीला ठिवून जाईन, पण हिला कुणाच्या भरवशावर नेऊ?"

वर्षानुवर्षं आम्ही मुलींना शाळेत ठेवा म्हणून सांगत होतो, पण त्या मुलींच्या कडेवर कोण असतं, हे कुणी विचारलंच नव्हतं. अक्का खाली बसल्या. गुडघे तेव्हाच दुखत होते त्यांचे. म्हणाल्या, "मुक्ता माझ्यापाशी राहील. दोघी राहतील." मग बाकीच्या आज्यांकडे बघून म्हणाल्या, "अन् तुमी गं? नुसत्या बघायल्यात?" एकीने हात वर केला, मग दुसरीने. काही आज्या पुढे आल्याच नाहीत, तेही सांगतो. पण वसतिगृह सुरू झालं.

ट्रक निघाला त्या सकाळी मीही वेशीवर होतो. सुनिताबाईंनी मुक्ताला अक्कांच्या कडेवर दिलं, तशी त्या पोरीने असा टाहो फोडला की मला तिथं उभं राहवेना. "जा, मागं बघू नको," अक्का सुनेला म्हणाल्या. ट्रक वळणाआड गेला आणि मग अक्का स्वतः रडल्या. त्या हंगामातल्या सगळ्या बैठका त्यांनी मुक्ताला मांडीवर घेऊन चालवल्या. तिने माझा पेन किती वेळा पळवला याची गणती नाही. मला ताप आला तेव्हा ज्वारीची पेज घेऊन अक्का माझ्या खोलीवर आल्या, तेव्हाही ती कडेवर होतीच. पेज देऊन झाल्यावर म्हणाल्या, "लवकर बरे व्हा, परवा मीटिंग हाय." आमच्या अक्कांची माया ही अशी!

वैशाली आज परभणीला नर्सिंग शिकते. समारंभाच्या पत्रिकेत तिचं नाव घालावं म्हणून आम्ही अक्कांकडे गेलो, तेव्हा त्यांनी आमच्या सत्काराच्या बेतावरच बोट ठेवलं. शाल नको, हार नको, मंगल कार्यालय तर नकोच. "सत्कार करायचाच असंल तर पालकसभेत करा, ट्रक यायच्या आधी. माणसं तरी येतील." त्यामुळे हा समारंभ शाळेच्या पटांगणात, सकाळी शाळा भरायच्या आधी होणार आहे. सत्कार आटोपला की लगेच हंगामी वसतिगृहाचा विषय निघेल, हे उपस्थितांनी ध्यानात ठेवावं.

अक्कांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, हे मी त्यांच्या तोंडावर म्हटलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मुक्ता आता चौथीत हाय, सर. तिची आठवी होईस्तोवर मी पालक हाय. मी कुटं जात न्हाई." त्यांच्या गुडघ्यांना बळ मिळो आणि मुक्ताच्या पुढे तिच्या लेकरांच्या पालकसभाही त्या चटईवर बसून पाहोत. गावकऱ्यांना एवढंच सांगतो: समारंभाला जरूर या. मात्र स्वतः या. आपल्या जागी दुसऱ्या कुणाला पाठवलंत, तर सत्कारमूर्ती स्वतः उठून त्याला परत पाठवतील.