कूलरची खिडकी

अकोला ते अमरावती या पट्ट्यात गेल्या काही वर्षांत जेवढे फ्लॅट उभे राहिले, त्यांतल्या निम्म्यांत तरी आमचे अकोल्याचे व्याही एकदा आडवे झालेले आहेत. आडवे म्हणजे अक्षरशः आडवे. बेडरूमच्या कोऱ्या फरशीवर रुमाल अंथरायचा, चपला उशाशी घ्यायच्या आणि जिथे पुढेमागे पंखा लागणार त्याच्या बरोबर खाली डोळे मिटून पडायचं. विकणारा उभा, घेणारा उभा, आणि ज्याचा काही संबंध नाही तो हा माणूस मधोमध निजलेला. 'घर उभ्यानं पाह्यलं तं कळत नाई, इवाई. मानूस घरात जास्त काय करते? झोपते. मंग झोपूनच पाह्याले पायजे.' आमच्याकडे व्याह्याला इवाई म्हणतात. ते मला इवाई म्हणतात, मी त्यांना इवाई म्हणतो, आणि आम्ही दोघे कुठे गेलो की समोरच्याला वाटतं, हे दोघे आळीपाळीने एकाच माणसाला हाका मारून राहिले आहेत.

हे गृहस्थ जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवून निवृत्त झाले, पण भूगोल काही त्यांच्यातून निवृत्त झाला नाही. ऊन कोणत्या भिंतीवर किती वेळ बसतं, वारा कुठून शिरतो, पाणी कुठे तुंबतं याखेरीज घराबद्दल त्यांना काही विचारायचं नसतं. त्यातून अकोल्याचा माणूस! नळ कोणत्या दिवशी येणार याचा हिशेब ज्याला तिथीवारासारखा पाठ असतो, त्याला इटालियन संगमरवराचं काय कौतुक? आधी टाकी दाखवा म्हणतात. खिशात एक काचेची गोटी असते, ती फरशीवर सोडतात आणि ती कुठे घरंगळते ते बघत बसतात. माझ्या पुतण्याच्या वास्तुशांतीला होम चालू असताना ही गोटी गुरुजींच्या आसनाखालून जाऊन थेट देवघरात थांबली. 'बाथरूमचं पानी देवापाशी जाईन,' एवढंच बोलून ते जेवायला बसले. पुतण्या त्यानंतर वर्षभर माझ्याशी धड बोलला नाही. पावसाळ्यात बाथरूम तुंबलं आणि देव खरोखरच पाटावर उचलून ठेवावे लागले, तेव्हा तर उरलंसुरलंही बोलायचा बंद झाला.

घर बघायची त्यांची वेळ ठरलेली. वैशाख महिना, भर दुपार. डिसेंबरात कोणतंही घर चांगलं दिसतं, नवरदेव घोड्यावर दिसतो तसं, असं ते म्हणतात. एकदा कठोरा रोडवरच्या एका सॅम्पल फ्लॅटमध्ये त्यांनी खिशातून उदबत्ती काढून पेटवली आणि धुरावर नजर ठेवून या खिडकीकडून त्या खिडकीकडे सावकाश चालू लागले. फ्लॅट दाखवणाऱ्या पोरीने आधी चपला काढल्या, मग ओढणी डोक्यावरून घेतली आणि शेवटी हात जोडून कोपऱ्यात उभी राहिली. धूर बाहेर न जाता संडासाकडे वळला तशी व्याह्यांनी 'हरे राम' म्हणत उदबत्ती विझवली. पोरीने मला हळूच विचारलं, काका, प्रसादाचं खाली ऑफिसात सांगू का? मला हसावं की लाजावं कळेना. व्याही मात्र गंभीरपणे म्हणाले, सांग.

पण लोक त्यांना सोबत नेत ते या नाटकासाठी नव्हे. नवीन घर घेताना जे 'ऑप्शनल' म्हणून पुढे येतं, त्यातलं काय घ्यावं आणि काय सोडावं, यात त्यांचा हात धरणारा कोणी नाही. फॉल्स सीलिंग म्हटलं की ते म्हणणार, पालीले वेगळा मजला कावून बांधून देता? दारावरचा कॅमेरा? ज्याला आपल्याकडे यायचंय तो आपल्या वऱ्हाडात खालूनच बोंबलत येतो. चकचकीत फरशी, नक्षीचे नळ, रंगीत दिवे, सगळ्यांना फाटा. मात्र भिंतीच्या आतून जाणारा पाइप, बाथरूमचा उतार, ओट्याजवळचा जास्तीचा प्लग यासाठी ते बिल्डरशी घसा बसेपर्यंत भांडणार. त्यांचा नियम एकच, आणि तो त्यांनी मला इतक्यांदा ऐकवलाय की झोपेतही म्हणून दाखवीन. 'जे मागून होते ते आता करू नोका. जे मागून होत नाई, ते आताच करून घ्या.'

तर या माणसाच्या मुलाला मी माझी एकुलती एक मुलगी दिली. लग्नानंतर दोघं कॅनडात गेली. दोन वर्षांत येतो म्हणाली होती. ती दोन वर्षं पुढे रबरासारखी लांबत गेली आणि आम्ही दोघं व्याही तो रबर दोन्ही हातांनी धरून बसलो. मग एका दिवाळीला मुलगा म्हणाला की इकडे एखादं घर घेऊन ठेवावं म्हणतो, बाबा, तुम्ही दोघं बघा, आत काय घ्यायचं काय नाही तेही तुम्हीच ठरवा. व्याह्यांना स्वर्ग दोन बोटं उरला. आणि त्यांनी फ्लॅट निवडला कुठे? अकोल्यात नाही. अमरावतीत, माझ्या घरापासून चालत जाता येईल अशा ठिकाणी. मला वाटलं, काय मोठं मन आहे हो या माणसाचं! बायकोजवळ मी डोळ्यांत पाणी आणून तसं बोललोसुद्धा. मग एक दिवस चहाच्या टपरीवर त्यांनी खरं सांगितलं. 'पोट्टं मायबापाच्या गावाले आलं तं दोन दिवस राह्यते अन् पयते. पोट्टी माहेराले आली का महिना काढते. सूनबाई इथं रमली, मंग थो जाते कुठं?' म्हणजे माझी मुलगी हे गळाला लावायचं गांडूळ! मला असा राग आला की मी चहा अर्धा टाकून उठलो. घरी येईपर्यंत राग उतरला, कारण त्या गळाची दोरी धरायला मीही हात पुढे करून बसलोच होतो की.

मग काय, फ्लॅटमधली प्रत्येक गोष्ट सूनबाईच्या बेताने. स्वयंपाकाचा ओटा सगळ्यांचा सारख्या उंचीचा असतो, आणि आमची मुलगी आमच्या खानदानात कोणी नाही इतकी उंच. व्याही सकाळच्या पॅसेंजरने बडनेऱ्याला उतरून थेट आमच्याकडे आले आणि दारातच विचारलं, सूनबाईची उंची किती? मी म्हणालो, माझ्याहून चार बोटं जास्तच असेल. लगेच मला साइटवर नेलं, विटांच्या थरावर फळी टाकली आणि टाचा वर करून मला पोळ्या लाटायला लावल्या. लाटणं नाही, पीठ नाही, नुसते हात. वर मजूर हसून राहिले, खाली मी निवृत्त माणूस हवेत पोळी फिरवून राहिलो. एवढं करून त्यांनी ओटा तीन बोटं उंच घ्यायचं ठरवलं. फोनवर मुलीला मोठ्या कौतुकाने सांगितलं की सूनबाई, आता तुमची कंबर वाकायची नाई. ती हसली आणि म्हणाली, बाबा, तुम्ही पण ना.

खरी लढाई झाली ती कूलरवरून. फ्लॅटमध्ये एसीची सोय होती, कूलरची नव्हती. कूलर बसवायचा तर खिडकीखाली बाहेरच्या बाजूला सिमेंटचा कट्टा हवा, म्हणजे तो स्लॅबबरोबरच ओतायला हवा, आणि पाण्याचा पाइप न्यायला भिंतीत भोक हवं. बिल्डरच्या ऑफिसातली पोर म्हणाली, काका, आता कूलर कोण लावतं? झालं. व्याही तिच्यासमोर खुर्ची ओढून बसले आणि तिला कूलर शिकवला. एसी खोली गार करतो, माणसाला झोपवत नाही. ओल्या वाळ्याचा वास, पाण्याची ठिबक आणि तो घरघराट, यांच्याशिवाय वऱ्हाडातला उन्हाळा पार पडला असं म्हणताच येत नाही. बिल्डर शेवटी कंटाळून हो म्हणाला. ज्या दिवशी स्लॅब पडला त्या दिवशी व्याही सकाळपासून छत्री घेऊन तिथे उभे होते आणि कट्ट्याचं सिमेंट ओतताना त्यांनी नारळ फोडला.

एवढा जीव एका कूलरवर कशासाठी, हे मला माहीत होतं. त्यांचा मुलगा लहानपणापासून कूलरकडे पाय करून झोपायचा. कॅनडातल्या पहिल्या हिवाळ्यात त्याचा फोन आला की बाबा, झोपच लागत नाही, इथे फार शांत आहे. तिकडची रात्र म्हणजे इकडची सकाळ. व्याह्यांनी थंडीच्या दिवसांत गुंडाळून ठेवलेला कूलर उघडला, नुसता पंखा चालू केला, समोर स्टुलावर फोन ठेवला आणि स्वतः कानटोपी घालून, घोंगडी पांघरून बाजूला बसून राहिले. तिकडे पोरगा झोपला की मगच बंद करायचे. विहीणबाई आतून ओरडायच्या की शेजारचे आपल्याला वेड्यात काढतील. तो सगळा हिवाळा त्या घरात रोज सकाळी कूलर चालला. मग एक दिवस मुलगा म्हणाला, बाबा, आता येते झोप, तुम्ही कशाला गारठता. ही गोष्ट सांगताना व्याह्यांनी मला विचारलं, चांगलं झालं, नाई का? मी म्हणालो, चांगलंच झालं. थोड्या वेळाने त्यांनी पुन्हा तेच विचारलं.

फ्लॅट तयार होत आला होता. प्लास्टर झालं होतं, रंग बाकी होता. एका रविवारी आम्ही दोघं तिथे गेलो आणि व्याह्यांनी मुलाला व्हिडिओ कॉल लावला. ओटा दाखवला, कट्टा दाखवला, भोकातून बोट घालून बाहेर काढून दाखवलं. मुलगा सगळं बघून म्हणाला, 'बाबा, मस्त झालंय. आम्हीपण इथे एक घर बुक केलंय. नवीनच बांधून राहिले. ऑप्शनलमध्ये काय घेऊ तेच कळत नाही. तुमच्याशिवाय कोणाला विचारू?' मागे माझी मुलगी उभी होती. मी तिच्याकडे बघितलं तर ती खाली बघून राहिली होती. मग ती म्हणाली, तो फ्लॅट सध्या भाड्याने देऊन टाका ना, बाबा. हे 'सध्या' त्या दोन वर्षांचंच भावंड आहे, हे मला तिथल्या तिथे कळलं.

मला वाटलं, आता व्याही फोन आपटतात. पण त्यांनी चष्मा पुसला, पालथ्या घमेल्यावर बूड टेकलं आणि विचारलं, तिकडं ऊन कोनत्या बाजूनं येते? आणि मग जवळजवळ तासभर या माणसाने, ज्याने आयुष्यात बर्फ पाहिला तो फक्त लग्नातल्या शरबतात, कॅनडातलं घर खोलीखोलीने समजून घेतलं. थंडी अडवायला भिंतीच्या आत जे भरतात ते जाड घे, रंग मागून देता येतो. उन्हाच्या बाजूची खिडकी मोठी घे, मागून नाही फोडता येत. फरशीचा तोरा सोडून दे. एवढं मन लावून त्यांनी कोणालाही सल्ला दिलेला मी पाहिला नव्हता. शेवटी म्हणाले, 'अन् ओटा तीन बोटं उंच घे. सूनबाईले वाकावं लागते.'

फोन बंद झाला. व्याही कूलरच्या खिडकीशी जाऊन उभे राहिले, त्या रिकाम्या कट्ट्यावर हात ठेवून.

'जे मागून होत नाई ते आताच करा, हे मी साऱ्या गावाले सांगितलं, इवाई,' ते म्हणाले. 'पोट्टं जाऊन राह्यलं होतं, तवा मी त्याले काय म्हटलं? पोचला का फोन कर. नोको जाऊ, असं तवाच म्हनाले पायजे होतं. थे मागून नाई म्हनता येत.'

मी माझ्या मुलीला विमानतळावर विचारलं होतं, स्वेटर वरच्या बॅगेत आहे ना?

फ्लॅट भाड्याने गेला. नवराबायको दोघंही कॉलेजात शिकवणारी, चांगली माणसं आहेत. त्यांनी एसी लावला. किल्ली घेताना त्या बाईंनी विचारलं, या कट्ट्यावर कुंड्या ठेवल्या तर चालतील का? व्याही म्हणाले, ठेवा, चांगल्या मोगऱ्याच्या ठेवा. 'पन थे पाइपाचं भोक बुजवू नोका.' का बरं, असं बाईंनी विचारल्यावर ते म्हणाले, 'पोट्टं येते कधीमधी. त्याले कूलरबिगर झोप येत नाई.' मी बाजूलाच उभा होतो. मी किल्ल्यांच्या जुडग्याकडे बघत राहिलो.

अजूनही ते महिन्या-दोन महिन्यांनी अकोल्याहून येतात, घर कसं चाललंय बघायला म्हणून. खिडकीशी जातात, मोगऱ्याचा वास घेतात आणि भोकात बोट घालून बघतात. भोकातून पाली येतात म्हणून बाईंनी त्यात कापडाचा बोळा घालून ठेवलाय. व्याही यायचे असले की मी आदल्या दिवशी संध्याकाळी फिरायला जातो तो तिकडून जातो आणि बाईंना सांगून तेवढा बोळा काढून ठेवायला लावतो.